हाताने काढलेले जुने डंजनचे नकाशे: साफ करण्याआधी हे वाचा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थी असताना डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचे) चालवायचो, त्या काळात ग्राफ पेपरवर हाताने काढलेले डंजनचे, म्हणजे खेळातल्या काल्पनिक भुयारांचे, नकाशे एका जुन्या फायलीत सापडले आहेत. काही शिसपेन्सिलीत, काही बॉलपेनात, जागोजागी खाडाखोड. सोबतची टिपणं अर्धीच उरली आहेत. हे इतरांना वापरायला द्यायचे आहेत. तर स्कॅन कसे करावेत, संगणकावर नव्याने रेखीव काढून द्यावेत का, आणि मुळात असले पोरवयातले नकाशे कुणाला हवे असतात का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हवे असतात, आणि जितके कमी सजवलेले तितके जास्त हवे असतात. रेखीव नकाशांना आज काही तोटा नाही. नकाशे काढायची सॉफ्टवेअर आहेत, बटण दाबलं की अख्खा भुलभुलैया काढून देणारी साधनं आहेत, आणि सुंदर हात असलेले व्यावसायिक नकाशाकारही भरपूर आहेत. मिळत नाही तो खरोखर खेळला गेलेला नकाशा, खेळ झाल्याच्या खुणांसकट. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: कागद जसा आहे तसा आधी द्या, वापरायला सोपी प्रत त्याच्या शेजारी वेगळी द्या, आणि दुसरी आली म्हणून पहिली कधीही काढून टाकू नका. पुढचं सगळं हे कसं करायचं त्याबद्दल आहे.

खुणा म्हणजे नेमकं काय, ते एखादं पान समोर ठेवून सावकाश पाहिलं की कळतं. खोल्यांचे आकडे काढणाऱ्याच्या हाताला जसे सुचले तसे पुढे पुढे जातात, आणि मधेच १४ आणि १५ च्या सांध्यात वेगळ्या शाईत एक १४अ दिसते. ती खोली नंतर घुसवलेली आहे. बहुतेक पुढच्या आठवड्याच्या खेळाला काहीतरी कमी पडत होतं. एक बोळ सरळ पूर्वेला जातो आणि कागदाच्या कडेपासून ग्राफची दोन घरं अलीकडे एकदम दक्षिणेला वळतो. त्या वळणामागे खेळातल्या भुयारं खोदणाऱ्या बुटक्यांचं स्थापत्य वगैरे काही नसतं, कागद संपला होता. चोरदरवाजाचा इंग्रजी 'एस' खोडरबर घासून पातळ झालेल्या जागेवर असतो, म्हणजे तिथे आधी साधी भिंत होती. आणि खोल्यांच्या यादीत एखाद्या ऑगरच्या (एक राक्षस) नावापुढे त्याच्या उरलेल्या जीवाचे २२, १५, ९, ४ असे आकडे ओळीने लिहून खोडलेले असतात. तो त्या झुंजीचा पूर्ण वृत्तांत आहे: पहिला फटका ७ चा, दुसरा ६ चा, तिसरा ५ चा, आणि चौथ्यात तो गेला. हे आकडे 'कचरा' म्हणून पुसून टाकलेले स्कॅन मी पाहिले आहेत. खोली उरते, त्या संध्याकाळी तिथे काय झालं ते जातं.

या खुणांना एवढं महत्त्व देण्यामागे इतिहासही आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं तेव्हा त्या पेटीत तयार डंजन नव्हतं. खेळ चालवणाऱ्याने आधी आपल्या भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे काढावेत, त्यात राक्षस आणि खजिना भरावा आणि कुठे काय आहे याची यादी करावी, असं नियमांतच लिहिलं होतं. लागणाऱ्या साहित्याच्या यादीत ग्राफ पेपर होता, इंचाला सहा रेघांचा असेल तर उत्तम अशी शिफारसही होती. म्हणजे हाताने काढलेला नकाशा हा या खेळाचा जोडधंदा नव्हे, खेळाचा अर्धा भागच होता. आर्नेसनचं ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचा ग्रेहॉक किल्ला ही त्यांची खेळातली जगंही आधी असेच घरगुती कागद होती. छापील साहसकथा (तयार नकाशे आणि खोल्यांची वर्णनं असलेल्या पुस्तिका) नंतर आल्या, आणि त्यांच्या प्रती आजही मिळतात, पुनर्मुद्रणं होतात. घराघरांत निघालेले हजारो नकाशे मात्र बहुतेक रद्दीत गेले. टिम हचिंग्ज यांनी याच जाणिवेतून सामान्य खेळाडूंचे नकाशे, टिपणं, पात्रांचे कागद गोळा करायला सुरुवात केली. 'प्ले जनरेटेड मॅप अँड डॉक्युमेंट आर्काइव्ह' हा त्यांचा संग्रह आता अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या 'द स्ट्राँग' या खेळविषयक संग्रहालयाकडे आहे. एखाद्या संग्रहालयाला चौदा वर्षांच्या पोराने काढलेली गॉब्लिनची गुहा जपावीशी वाटते, यावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हरकत नाही.

आता कामाचं. स्कॅनरला हात लावण्याआधी कागदांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग तुम्ही स्वतः डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून काढलेल्या नकाशांचा. दुसरा खेळाडूंनी खेळता खेळता काढलेल्यांचा. पूर्वी खेळाडूंच्या प्रत्येक टोळीत एकजण नकाशा काढायला बसवलेला असायचा. मास्टर तोंडाने सांगणार, 'बोळ उत्तरेला तीस फूट, मग डावीकडे फाटा', आणि हा समोर घरं मोजत रेघ ओढणार. अशा नकाशात चुका असतातच आणि त्याच त्याची खरी गंमत आहे. कळत नकळत खालच्या मजल्यावर नेणारे उतरते बोळ, माणूस भलतीकडेच टाकणाऱ्या जागा, हे सगळं त्या काळी नकाशा काढणाऱ्याची फजिती करायलाच घातलेलं असायचं. खेळाडूचा नकाशा आणि मास्टरचा नकाशा असे एकाच भुयाराचे दोन्ही कागद तुमच्याकडे निघाले, तर ते शेजारी शेजारी ठेवून द्या. अशी जोडी फार क्वचित सापडते, आणि सगळ्या फायलीत सर्वात मौल्यवान तीच असेल.

तिसरा ढीग छापील साहसकथांतून उतरवून घेतलेल्या नकाशांचा. हा वेगळा काढणं सर्वात गरजेचं, कारण इथे हक्कांचा प्रश्न येतो, आणि कित्येकदा कोणता नकाशा आपला आणि कोणता उतरवलेला हे आपल्यालाही आठवत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्या जुन्या साहसकथांतले नकाशे फिकट निळ्या रंगात छापलेले असत आणि त्या काळच्या फोटोकॉपी यंत्रांना तो निळा धड पकडता येत नसे. त्यामुळे ग्राफ पेपरवर हाताने उतरवून घेणं हाच सोपा मार्ग होता. ओळखायच्या काही युक्त्या आहेत. उतरवलेल्या नकाशात खाडाखोड जवळजवळ नसते. रेघ आत्मविश्वासाने सुरू होते आणि आत्मविश्वासाने संपते, कारण विचार दुसऱ्याने केलेला असतो. खोल्यांचे आकडे कागदाच्या सोयीने न जाता छान शिस्तीत जातात. शंका आली तर त्या वर्षांच्या छापील नकाशांशी ताडून बघा. सुरुवातीच्या पेट्यांतून आलेली, घरोघर खेळली गेलेली दोन-चार साहसं तपासली तरी बहुतेकांचा उलगडा होतो.

एक मधली अवस्थाही आहे. १९७८ चं 'इन सर्च ऑफ द अननोन' हे छापील साहस नवशिक्या मास्टरांसाठी होतं आणि त्यात खोल्यांची वर्णनं देऊन राक्षस आणि खजिना भरायची जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती जागा तुमच्या हस्ताक्षरात भरलेली पानं तुमच्याकडे असतील, तर नकाशा आणि वर्णनं प्रकाशकाची आहेत, पण तुम्ही भरलेली यादी तुमची आहे. ती वेगळी उतरवून जरूर द्या. एकाच भुयारात कुणी काय काय भरलं, हे वाचायला लोकांना फार आवडतं.

स्कॅनिंगबद्दल लोक विनाकारण घाबरतात. साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो, सेटिंग तेवढी हाताने करायची. ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), रंगीत, आणि फाइल टिफ किंवा पीएनजी, म्हणजे तपशील न गमावणारी. 'नकाशा तर काळा-पांढरा आहे' म्हणून ग्रेस्केल किंवा ब्लॅक अँड व्हाइट निवडू नका. पेन्सिल, निळं पेन, ग्राफची छापील रेघ आणि चहाचा डाग यांच्यातला फरक रंगातच असतो. तो एकदा गेला की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. स्कॅनरमधल्या 'ऑटो', 'टेक्स्ट एन्हान्स', 'बॅकग्राउंड रिमूव्हल' या सगळ्या सोयी बंद करा. मोबाइलमधली डॉक्युमेंट स्कॅन करणारी अ‍ॅप तर या कामाला नकोतच, कारण फिकट पेन्सिल दिसली की ती कागदाचा मळ समजून पांढरी करून टाकतात. मोबाइलच वापरायचा असेल तर साध्या कॅमेऱ्याने, खिडकीच्या मऊ उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून फोटो काढा.

पातळ कागदावर पाठीमागचं लिखाण पुढे उमटतं. त्यासाठी कागदाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा आणि मग झाकण लावा. पांढऱ्या झाकणावरून उजेड परतल्यामुळे मागची अक्षरं दिसतात, काळ्यावरून तो परतत नाही. पान थोडं काळपट येईल, पण तो काळपटपणा सगळीकडे सारखा असल्याने नंतर एका झटक्यात काढता येतो. पेन्सिलीचा जाड, दाबून रंगवलेला भाग (भिंतींमधला भरीव खडक रंगवायची बऱ्याच जणांना हौस असते) स्कॅनरच्या दिव्यात चमकतो आणि उलट फिकट दिसतो. असं झालं तर कागद ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा, पुष्कळदा तेवढ्याने चमक जाते.

दोन-चार कागद चिकटपट्टीने जोडून केलेला मोठा नकाशा असेल तर पट्टी सोडवायला जाऊ नका. जुन्या पट्टीचा गोंद कागदात मुरलेला असतो, ओढलीत की वरचा थर शाईसकट निघून येईल. तुकड्यातुकड्याने स्कॅन करा, प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा चतुर्थांश भाग तरी येऊ द्या आणि ह्युगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये जोडा. ग्राफच्या रेघा एकमेकींना नेमक्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. कागद वर्षानुवर्षांत आक्रसतो, जोडताना मुळातच अर्ध्या घराची गफलत झालेली असते. ती तशीच दिसू दे. घडी घालून झाकायची चिठ्ठी नकाशावर चिकटवलेली असेल (खेळाडूंपासून लपवायची खोली असायची तिच्याखाली), तर झाकलेलं आणि उघडलेलं असे दोन स्कॅन घ्या.

ही झाली मूळ प्रत. तिला नंतर हात लावायचा नाही. सरळ करायची, कडा कापायच्या, तेही तिच्या कॉपीवर. मूळ प्रतीत कागदाची चारही टोकं आणि भोकं पाडलेली बाजू दिसली पाहिजे.

आता वापरायच्या प्रतीत काय करता येईल ते पाहू. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ग्राफच्या छापील रेघा घालवायच्या कशा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा (चॅनल) बनलेला असतो; रेघा फिकट निळ्या असतील तर त्यातला फक्त ब्लू चॅनल वेगळा काढा. गिंप या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट' नावाने ही सोय आहे, फोटोशॉपमध्ये चॅनल्सच्या पॅनलमध्ये. फिकट निळी रेघ त्या चॅनलमध्ये जवळपास कागदाइतकीच उजळ असते, म्हणून ती दिसेनाशी होते. पेन्सिल करडी असल्याने तिन्ही चॅनलमध्ये काळीच राहते. हिरव्या रेघांसाठी ग्रीन आणि तांबूस रेघांसाठी रेड चॅनल. हे पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला जादूच वाटते. पण दोन अडचणी येतात. कागद पिवळा पडलेला असेल तर तो ब्लू चॅनलमध्ये चांगलाच गडद दिसतो, विशेषतः कडांना आणि घडीवर. मग 'लेव्हल्स' किंवा 'कर्व्ह्ज' या सोयी वापरून पार्श्वभूमी उजळावी लागते, आणि ती उजळताना सर्वात फिकट पेन्सिल जात तर नाही ना यावर डोळा ठेवावा लागतो. दुसरी अडचण निळ्या बॉलपेनाची. नकाशा निळ्या पेनाने काढलेला असेल तर ब्लू चॅनलमध्ये ग्राफबरोबर भिंतीही फिक्या होतात. अशा वेळी सरळ हार माना आणि ग्राफ राहू द्या. लोकांना तो खटकत नाही; ग्राफ पेपरवरचा नकाशा ग्राफ पेपरवरचाच दिसावा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डाग, घड्या, गंजलेल्या पिनेचा ठसा वापरायच्या प्रतीतून काढायला माझी हरकत नाही. पण समासातलं लिखाण, खोडलेले आकडे, फुल्या, पुसलेल्या भिंतींची पुसट आठवण हे त्या प्रतीतही ठेवा. आणि चित्र मोठं, स्पष्ट करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं इथे वापरू नका. चेहऱ्यांच्या फोटोवर ती कदाचित ठीक चालत असतील. हस्ताक्षरातल्या ३ चा ८ करणं, दरवाजाच्या छोट्या आयताची भिंत करणं, 'एस' चा ५ करणं ही त्यांची नेहमीची करामत आहे, आणि निकाल इतका ठसठशीत दिसतो की चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. सापळा असलेली खोली आणि नसलेली खोली यांत एका छोट्या 'टी' चाच (ट्रॅप, म्हणजे सापळा) फरक असतो.

ऑनलाइन टेबलावर, म्हणजे रोल२० किंवा फाउंड्रीसारख्या इंटरनेटवर खेळायच्या साधनांत, वापरायला लोक नकाशा मागतील, म्हणून थोडा हिशोब. रोल२० मध्ये एक घर ७० पिक्सेलचं धरलेलं असतं, फाउंड्रीत सुरुवातीची नेमणूक १०० पिक्सेलची असते. इंचाला सहा घरांचा कागद ६०० डीपीआयला स्कॅन केला तर एक घर नेमकं १०० पिक्सेलचं येतं. इंचाला पाच घरं असतील तर ३५० डीपीआयला लहान केलेल्या प्रतीत घर ७० पिक्सेलचं होतं, आणि इंचाला चार घरं असतील तर २८० ला. पाच मिलिमीटरच्या ग्राफचं घर ६०० डीपीआयला ११८ पिक्सेलच्या आसपास येतं, त्याला ताणून-दाबून बसवावं लागतं. प्रत लहान करताना शक्यतो एकदाच करा. पुन्हा पुन्हा लहान केली की ग्राफच्या काही रेघा जाड, काही गायब असा पट्ट्यापट्ट्यांचा प्रकार सुरू होतो.

मापाचा एक मोठा घोळ इथे होतो, तो आधीच सांगून टाका. जुन्या नकाशांत एक घर म्हणजे बहुधा दहा फूट. २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आल्यापासून लढाईची आखणी पाच फुटांच्या घरांवर स्थिरावली. नवा खेळाडू तुमचा नकाशा घेऊन एक घर पाच फुटांचं धरेल, आणि तुमच्या वीस फुटी सभागृहात ड्रॅगन मावेनासा होईल. ऑनलाइन टेबलासाठी नकाशातल्या एका घराची दोन बाय दोन अशी चार घरं करा, म्हणजे ७० च्या जागी १४० पिक्सेल धरा. कागदावर माप लिहिलेलं नसेल तरी तुम्हाला आठवत असेलच. ते वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा.

नव्याने रेखीव काढून द्यावेत का? वेगळी गोष्ट म्हणून जरूर काढा. डायसन लोगोस या टोपणनावाने काम करणाऱ्या नकाशाकाराने हाताच्या नकाशांना पुन्हा मान मिळवून दिला. भिंतींबाहेर आडव्यातिडव्या बारीक रेघांचे झुबके काढायची त्याची ढब आज इतकी रुळली आहे की नकाशा म्हटलं की अनेकांना तीच आठवते. पण नव्याने काढताना हात आपोआप 'सुधारणा' करू लागतो. वाकडा बोळ सरळ होतो, एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांत मोकळी जागा सोडली जाते, कुठेही न जाणारा जिना वगळला जातो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे वाटांची जोडणी बदलते. जेनेल जॅक्वेज हिच्या १९७९ च्या 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रासिया' या छापील साहसाचं आजही कौतुक होतं ते चित्रांच्या सुबकपणासाठी नव्हे. एका जागेतून दुसरीकडे जायला अनेक वाटा, गोल फिरून पुन्हा तिथेच आणणारे बोळ, मजले ओलांडून जाणारे गुप्त जिने, यामुळे खेळाडूंना खरोखर निवड करावी लागते, म्हणून. तुमच्या पोरवयातल्या नकाशातही अशी एखादी वाट असेल, कदाचित चुकून झालेली, कदाचित कागद संपल्यामुळे. ती नव्या आखणीत 'गचाळ' दिसते म्हणून बुजवू नका. काढून झाल्यावर दोन्ही नकाशे समोर ठेवा आणि प्रवेशद्वारापासून प्रत्येक दरवाजा बोटाने मोजत जा.

टिपणं अर्धीच आहेत म्हणून थांबू नका. नकाशा एकटाही चालतो, कारण घेणारा मास्टर शेवटी त्यात स्वतःचेच राक्षस भरणार आहे. मात्र जेवढी टिपणं आहेत तेवढी स्कॅन करून त्यांचा मजकूर टाइप करूनही द्या. हस्ताक्षर शोधयंत्राला भरवशाने वाचता येत नाही आणि परक्या माणसालाही फारसं येत नाही. टाइप करताना जुन्या चुका, संक्षेप तसेच ठेवा. 'एचडी ३, एसी ५, २०० सोन्याची नाणी' (राक्षसाचा दम, चिलखत आणि खजिना) यावरून जाणकाराला खेळाची आवृत्ती आणि साधारण काळ ओळखता येतो. हरवलेल्या खोल्यांची माहिती आज नव्याने रचून जुन्या टिपणांत मिसळू नका. आठवणीतून काही लिहायचंच असेल तर 'हे आत्ता आठवून लिहिलं' असा शेरा मारून वेगळ्या रंगात लिहा. 'या खोलीपर्यंत आमची टोळी कधी पोचलीच नाही' एवढं जरी लिहिलंत तरी नकाशाचं रूप पालटतं. वाचणारा लगेच मागे जाऊन बघतो की मग अडली कुठे.

सार्वजनिक करण्याआधी समास नीट वाचा. मित्रांची पूर्ण नावं, जुने फोन नंबर, शाळेचा शिक्का, एखाद्याबद्दलचा पोरकट शेरा, असं बरंच काही तिथे असतं. मूळ प्रत तुमच्यापाशी अखंड ठेवा. बाहेर द्यायच्या प्रतीत तेवढाच भाग कागदाच्या रंगाच्या पट्टीने झाका आणि झाकलं आहे हे सांगा. पात्रांची नावं ठेवायला काहीच हरकत नाही. 'थॉर्गन तिसरा' कुणाच्या अब्रूचा प्रश्न नसतो.

हक्कांची गोष्ट थोडक्यात. जे तुम्ही स्वतः रचलं आणि काढलं ते तुमचं. मित्राने काढलं असेल तर त्याचं, कागद तुमच्या फायलीत असला तरी. त्याला विचारा, बहुतेक जण हरखून जातात. छापील साहसकथेतून उतरवलेला नकाशा हाताने उतरवला म्हणून तुमचा होत नाही, तो बाहेर देऊ नका. तुमच्या टिपणांत बिहोल्डर किंवा माइंड फ्लेयर असे या खेळाचे खास राक्षस असतील तर घाबरू नका. ती नावं विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची आजची मालक कंपनी स्वतःची म्हणून राखून ठेवते, पण चाहत्यांनी फुकट दिलेल्या साहित्यासाठी तिचं वेगळं धोरण आहे. पैसे घेऊन विकायचं ठरवलंत तर मात्र ती नावं काढावी लागतील.

परवाना स्पष्ट लिहा. 'कुणीही वापरा' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ज्याला हा नकाशा आपल्या छापील पुस्तकात घ्यायचा आहे त्याला त्याने काहीच कळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० म्हणजे नाव द्या आणि काहीही करा, विक्रीसुद्धा. विक्री नको असेल तर त्यातला एनसी (नॉन-कमर्शियल) प्रकार. पण एनसी निवडण्याआधी थोडा विचार करा: या छंदातली कितीतरी छोटी प्रकाशनं जेमतेम छपाईचा खर्च काढतात आणि या अटीपायी तुमच्या नकाशाला हात लावणार नाहीत. माझी पसंती सीसी बायला. आणि एकदा दिलेला हा परवाना परत घेता येत नाही, म्हणून मित्राच्या नकाशांबाबत तो ठरवायचा अधिकार त्याचाच.

कुठे ठेवायचे याचं उत्तर: निदान एक जागा तरी अशी हवी जी वर्षानुवर्षं टिकण्यासाठीच चालवली जाते. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात मोठ्या मूळ फाइलींसकट ठेवता येतं. समाजमाध्यमांवर जरूर टाका, पण तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि चार दिवसांत खाली जातं, त्यामुळे तिथून आर्काइव्हची लिंक द्या. फाइलीचं नाव 'स्कॅन००३७' ठेवू नका. साल (अंदाजे असेल तर तसं), डंजनचं नाव, मजला, मास्टरचा की खेळाडूचा, एवढं नावातच असू दे. वर्णनात खेळ आणि आवृत्ती, घराचं माप, कशाने काढलं, कोणकोणत्या खोल्या खेळल्या गेल्या, आणि नकाशातल्या खास खुणांचा अर्थ. प्रत्येक मास्टरची एखादी घरगुती खूण असतेच, त्रिकोण म्हणजे पुतळा की खड्डा हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

मूळ कागद शेअर केल्यावर टाकून देऊ नका. पिना आणि क्लिपा काढा, त्या गंजतात. जुनी मऊ प्लॅस्टिकची पाकिटं काढा. १९७४ च्या त्या साहित्याच्या यादीत जितकी मिळतील तितकी जाड पाकिटं घ्या असं लिहिलं होतं आणि लोकांनी प्रामाणिकपणे घेतलीही, पण पीव्हीसीची पाकिटं कालांतराने चिकट होतात आणि फोटोकॉपीची काळी शाई आपल्याकडे ओढून घेतात. कागद पाकिटाला चिकटलेला असेल तर ओढू नका, पाकिटासकट स्कॅन करा. नवी पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्पिरिट डुप्लिकेटर (डिटो) यंत्रावर काढलेल्या जांभळ्या अक्षरांच्या जुन्या प्रती असतील तर त्या सर्वात आधी स्कॅन करा, कारण तो जांभळा रंग उजेडात उडत जातो.

राहिले अर्धवट सोडलेले नकाशे: तीन खोल्या, एक जिना आणि पुढे कोरा ग्राफ. तेही याच ढिगात घाला, आणि कोरा भाग कापू नका. तिसऱ्या मजल्यावर नेणारा जिना आहे आणि तिसरा मजला कधी काढलाच नाही, असं वर्णनात लिहून टाका. तो मजला काढून तुम्हाला परत पाठवणारं कुणीतरी निघतं, असे नकाशे देणाऱ्यांचा असा अनुभव आहे. म्हणून अशा नकाशांना सीसी बाय द्यायला विसरू नका, नाहीतर बिचाऱ्याला आधी परवानगीचं पत्र लिहीत बसावं लागेल.